अर्धा सूर वर

उट्रेख्त, ९ फेब्रुवारी

हाइट,

गावातल्या चर्चची घंटा कोणत्या सुरात वाजते, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे. बाकी काही नाही. आठ वर्षांनी माझं अक्षर बघून हाइटनी दचकू नये. मी लग्न करत नाहीये आणि घराच्या वाटणीचं तर माझ्या मनातही नाही.

माझ्या आठवणीप्रमाणे ती 'ए' आहे. हाइटनी मला खिडकीत उभं करून शिकवलेला पहिला सूर तोच. मग किटली, मग फाटकाची कडी, मग शेजारच्या आक्केची हंबरणारी गाय. मी चुकले की हाइट काही बोलायचे नाहीत, फक्त परत विचारायचे. सहाव्या वर्षी मी गावातल्या कुठल्याही वस्तूचा सूर सांगायची आणि मेम म्हणायची, "या पोरीला नवरा मिळायचा नाही, त्याच्या घोरण्याचाही सूर सांगेल." मेमचं म्हणणं खरं ठरलं.

पण आठवणीचा भरवसा काय? म्हणून हाइटनी एकदा नादकाटा खिशात टाकून रविवारी चर्चबाहेर उभं राहावं, घंटा ऐकावी आणि मला कळवावं. आत जायची गरज नाही. कशाला हवंय ते मात्र विचारू नये.

इथे थंडी मरणाची आहे. माझी किटली बिघडली होती, अर्धा सूर वर शिट्टी मारायला लागली. नवीन आणली. तीही तशीच. हल्ली मालच चांगला येत नाही. इथल्या चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटाही थंडीने जरा चढल्यासारख्या वाटतात. काशाची घंटा झिजते, तडकते, पण चढत नाही, असं हाइटच म्हणायचे. तरी फार थंडी पडली तर होत असेल, नाही का?

माझ्या मैत्रिणींना मी सांगते, आमच्या फ्रीजियन बोलीत बापाला 'हाइट' आणि आईला 'मेम' म्हणतात, पण त्यांना 'तुम्ही' म्हणायची सोयच नाही. हाइटशीच बोलताना 'हाइट कॉफी घेतील का' असं विचारायचं. त्या हसतात. म्हणतात, खोलीत तिसराच कुणी असल्यासारखं वाटत असेल. लिहितानाही मला ते मोडता येत नाही. आठ वर्षं रागात होते तेव्हा मनातल्या मनात भांडतानाही मी 'हाइट असे कसे वागले' असंच भांडत होते.

गुड फ्रायडेला ग्रोनिंगनच्या मोठ्या चर्चमध्ये गाते आहे. रेडिओवर थेट आहे. हाइट ऐकणार नाहीत, माहीत आहे. माहितीसाठी कळवलं.

सीत्स्के


उट्रेख्त, २१ फेब्रुवारी

हाइट,

उत्तर नाही. ठीक आहे. उत्तराची वाट बघत नव्हते, फक्त रोज पत्रपेटी उघडत होते.

परवा तालमीत एक गंमत झाली. गंमत म्हणून सांगते.

गुड फ्रायडेच्या कार्यक्रमाची सुरुवात अशी आहे. चर्चमधले सगळे दिवे घालवतात. मी मागच्या सज्जात, एकटी. कुणी सूर देत नाही. मी अंधारातून सुरू करते, चार ओळी, नुसता गळा. मग खालून रूलांडचा ऑर्गन माझ्याच सुरात हळूच येऊन मिळतो आणि त्यानंतर बाकीचे. संचालक दिदेरिक याला 'शून्यातून उगवणं' म्हणतो. त्याने हे माझ्यासाठीच बसवलं आहे. दुसऱ्या कुठल्या गायिकेला कुणीतरी दाराआडून सूर द्यावा लागेल. मला लागत नाही.

मला बोलावतात ते मुळात यासाठीच. माझ्यापेक्षा गोड गळे या देशात पुष्कळ आहेत. पण थंडगार तळघरात मठातल्या जोगिणींची आठशे वर्षांपूर्वीची गाणी गायची असोत, नाहीतर दोरांनी टांगलेल्या लाकडी ढगावर बसून फ्रेंच संगीतनाटकातली राणी व्हायचं असो, सीत्स्के तेर्प्स्त्रा सूर न मागता सुरू करते. एका नव्या संगीतकाराने मला नऊ फ्रिजच्या घरघरीवर गायला लावलं होतं. तेव्हाही सगळे फ्रिज बंद पडले आणि मी तशीच पुढे गेले. लोक अजून सांगतात ते.

तर परवा मी सुरू केलं. चार ओळी. रूलांड आला. ऑर्गन अर्धा सूर वर.

आता रूलांडचा तो लहान ऑर्गन हाइटच्या चर्चमधल्यासारखा नाही. कपाटाएवढा असतो, गाडीत घालून नेतात. जुनं संगीत आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली वाजवतात, म्हणून त्याची पट्ट्यांची फळी डावी-उजवीकडे सरकते. सरकवायची विसरली की सगळं अर्धा सूर वर. आमच्यात ही चूक प्रत्येकाने एकदा तरी केलेली आहे.

मी सज्जातून ओरडले, "रूलांड, फळी सरकवायची राहिली तुझी."

"नाही गं. खालीच आहे."

"अरे, वाकून बघ तरी. सकाळी कुठल्या शाळेत वाजवून आलास ना? तशीच राहिली असेल."

तो वाकला. बिचारा गुडघ्यांवर बसून बघत होता. "खालीच आहे, सीत्स्के."

"मग ऑर्गन करणाऱ्या सुताराने खाच चुकीच्या जागी पाडली असेल."

सगळे हसले. रूलांड हसला नाही. दिदेरिकने चष्मा काढला आणि अगदी हळू म्हणाला, "तू खाली सुरू केलंस. अर्धा."

"मी?"

"होतं. प्रवासाने होतं."

"मी इथेच राहते, दिदेरिक. सायकलवरून आले आहे."

व्हायोलिनवाले आपापल्या खुंट्या पिळत बसले, ज्या पिळायची काही गरज नव्हती. दुसऱ्यांदा मी सुरू करण्याआधी बाहीत हात घालून नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि जबड्याच्या हाडाला लावला. सूर बरोबर लागला. दिदेरिक म्हणाला, "झालं, आली आमची सीत्स्के परत."

काटा आता सतत बाहीत असतो. वीस वर्षं ज्या बाईकडे बाकीचे सूर मागायला यायचे तिच्या बाहीत काटा. कुणाला कळलं तर? आमच्या धंद्यात कुणी कुणाला काढून टाकत नाही, हाइट. फक्त फोन येत नाही.

घंटेचं तेवढं बघावं.

सीत्स्के


उट्रेख्त, ८ मार्च

हाइट,

खोटं लिहिलं होतं. गंमत नाही ही. मी घाबरले आहे.

मागच्या पत्रानंतर लगेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवून टिकटिक ऐकवली. बाई खूश झाली. म्हणाली, "तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत." मी म्हटलं, "त्या मुलीला तिचे परत करा, मला माझे द्या." तिला विनोद कळला नाही. मग मी सगळं सांगितलं. किटली, मनोरा, रूलांडचा ऑर्गन. जे वाजतं ते मला अर्धा सूर वर ऐकू येतं आणि जे मी मनाने गाते ते अर्धा सूर खाली लागतं. तिने लिहून घेणं थांबवलं आणि मला मेंदूच्या डॉक्टरकडे धाडलं.

परवा मेंदूचे फोटो काढायच्या नळकांड्यात मी पंधरा-वीस मिनिटं पडले होते. ते यंत्र ठोकतं. मी ठोक्यांचे सूर मोजत होते आणि प्रत्येक सुरातून अर्धा वजा करत होते. मनात एकच, काहीतरी सापडू दे. गाठ असेल तर कापता येईल. मग लगेच दुसरं, देवा, काही सापडू देऊ नकोस.

काही सापडलं नाही. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "पक्का कान असलेल्या काही लोकांना पन्नाशीत असं होतं. बाकीच्यांनाही होत असेल, त्यांना कळत नाही. घरात सोनंच नसेल तर चोरी झालेली कशी कळणार?"

"उपाय?"

"नाही."

"थांबतं का?"

"काहींचं थांबत असावं. फारसा अभ्यास झालेला नाही." मग म्हणाला, "तुमच्या घरात आणखी कुणाला होता का असा कान?"

हाइट, मी त्याला 'नाही' म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. गाडीत येऊन बसले आणि किल्ली फिरवता येईना.

मी हेगला शिकत होते तेव्हाचा तो हिवाळा. मेमचा फोन आला होता. हाइट ऑर्गनवर स्तोत्रं भलत्याच पट्टीत धरतात, मंडळींना गाता येत नाही, अर्धे गप्प बसतात, मागच्या बाकावर लोक म्हणतात हाइट पिऊन येतात. हाइट तर नाताळातसुद्धा प्यायचे नाहीत. मग वसंतात कळलं, हाइटनी काम सोडलं, पाठ दुखते म्हणून. घरातली पेटी कुणाला तरी देऊन टाकली. त्यानंतर त्या घरात सूर लागला नाही. रेडिओसुद्धा नाही. माझ्या एकाही कार्यक्रमाला हाइट आले नाहीत. मी म्हणायची, हाइटना माझं गाणं आवडत नाही, मी चर्च सोडून नाटकात राण्या होते म्हणून. हे मी मुलाखतीतही सांगितलं आहे, हसत हसत.

आणि आठ वर्षांपूर्वी मेमला शेवटचा निरोप देताना मी तिचं आवडतं स्तोत्र गात होते. दुसऱ्या कडव्याला हाइट उठले आणि सगळ्या गावासमोर बाहेर चालत गेले. मी कडवी पुरी केली. नंतर कॉफी आणि साखरपाव होता. मी काही न घेता गाडीत बसले आणि उट्रेख्तला आले.

तेव्हा हाइट बावन्न-त्रेपन्नचे असतील, तो हिवाळा आला तेव्हा. मी आता बावन्नची आहे.

तेच होतं का? एवढंच सांगावं. हो किंवा नाही. पाठीचं सांगू नये.

सीत्स्के


उट्रेख्त, १६ मार्च

हाइट,

कार्ड मिळालं. 'घंटा ए. काट्याने तपासली. हाइट.'

यावर मी काय म्हणू? आभारी आहे. घंटा जागेवर आहे, म्हणजे मीच नाही.

त्या कार्डाची मागची बाजू मी बघितली, कडा बघितल्या, तिकिटाखाली काही असेल म्हणून तेही बघितलं. मी विचारलं काय आणि हाइटनी सांगितलं काय. आपल्याकडचे लोक शब्द जपून वापरतात, मान्य आहे. घर जळत असलं तरी 'जरा ऊब वाढली आहे' म्हणतील. पण मी पोरगी आहे हाइटची. मी विचारते आहे, मला जे होतं आहे ते हाइटना झालं होतं का.

रोज सकाळी उठून मी काटा वाजवते. बी फ्लॅट ऐकू येतो, अर्धा वरचा. काट्यावर 'ए' असं कोरलेलं आहे. मी अक्षरावर बोट ठेवून ऐकते, तरी बी फ्लॅट. कागदावर एक सूर दिसतो, कानात दुसरा. बाकीचे वाजवत असले की त्यांना धरून मी गाऊ शकते, कुणाला कळत नाही. पण त्या सज्जात धरायला कुणी नाही.

हाइटनी उत्तर दिलं नाही तरी चालेल. यापुढे मी विचारणार नाही.

सीत्स्के


उट्रेख्त, २३ मार्च

हाइट,

काल फोनवर जे बोलणं झालं ते लिहून पाठवते आहे. कारण उद्या हाइट म्हणतील, मी असं काही बोललोच नाही.

फोन वाजला तेव्हा मी भांडी घासत होते. नंबर ओळखीचा नव्हता, आक्केचा निघाला. पलीकडे नुसता श्वास. मग हाइट म्हणाले, "किती?"

मी म्हटलं, "अर्धा."

"वर?"

"वर."

मागे आक्के कुणाला तरी "पाय पुसून ये" म्हणत होती. मग हाइट म्हणाले, "माझे आता दोन झालेत."

हाइट, मी खाली बसले. फरशीवरच. हातात साबण होता. मी विचारलं, "थांबत नाही का?"

"नाही. मधे काही वर्षं थांबल्यासारखं वाटतं. मग एका सकाळी उठलं की आणखी थोडं."

"हाइटनी कुणाला सांगितलं होतं?"

"मेमला."

"आणि चर्चमध्ये?"

"त्यांना काय सांगणार? ऑर्गन बरोबर आहे आणि मी चुकीचा आहे? ते दारू म्हणाले. म्हटलं, म्हणू दे. दारू सुटते तरी."

मग मी ते विचारलं. आठ वर्षं जे विचारायचं होतं ते. मेमच्या वेळी हाइट उठून का गेले?

हाइट म्हणाले, "तू बरोबर गात होतीस."

"मग?"

"तू बरोबर गात होतीस, ते मला ठाऊक होतं. पण माझ्या कानात ते मेमचं स्तोत्र नव्हतं. एकेक सूर उठून शेजारणीच्या घरात जाऊन बसलेला. मला मेमला तसल्या सुरात निरोप द्यायचा नव्हता. म्हणून बाहेर जाऊन मनात म्हटलं. मनात अजून जागच्या जागी लागायचं."

'लागायचं' म्हणाले हाइट. 'लागतं' नाही म्हणाले. मी ऐकलं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

"तेव्हा सांगितलं का नाही मला?" मी म्हटलं. आवाज चढला माझा, त्याबद्दल माफी मागत नाही. "मी आठ वर्षं समजत होते की..."

"तुला सांगून तुझ्या कानात भीती घालू? तू गात होतीस. म्हटलं, पोरीला होणार असेल तर होईल. आधीपासून वाट बघत बसायला नको."

मी रडत होते. हाइटना ऐकू आलं असेल. रडण्याचा सूर विचारू नये.

मग मी गुड फ्रायडेचं सांगितलं. सज्जा, अंधार, शून्यातून उगवणं. बाहीतला काटा. हाइटनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काट्यावर भरवसा ठेवू नकोस. घाबरलं की डोकं गोंधळतं. मीही काटा ठेवला होता, ऑर्गनच्या पायपट्टीजवळ."

"मग काय करू?"

"सूर मागून घे."

"हाइटना कळत नाहीये. मी सूर मागत नाही. मला बोलावतात ते मी मागत नाही म्हणून."

"मीही नाही मागितला," हाइट म्हणाले. "मागच्या बाकावर सुताराचा येल्ले बसायचा, चांगला कान होता त्याला. नुसतं विचारायचं होतं, येल्ले, बरोबर आहे का रे? नाही विचारलं. बावीस वर्षांचं काम सोडलं, पण नाही विचारलं." मग म्हणाले, "आक्केला भाकरी करायची आहे, ठेवतो."

बोलणं एवढंच झालं. आता हाइटना नाही म्हणता येणार नाही.

हाइट म्हणतात ते खरं असेल. पण एकदा मागितला की झालं. दिदेरिक तो सज्जा दुसऱ्या कुणाला देईल, तरुण मुली रांगेत उभ्या आहेत. त्याला दोष देणार नाही मी. मग पुढचा कार्यक्रम, मग त्याच्या पुढचा. 'सीत्स्के? हो, चांगली होती, हल्ली जरा...' ते 'जरा' मला ऐकू येतं आहे, हाइट. तेवढं मात्र अगदी बरोबर पट्टीत.

मी नाही मागणार. मी सराव करेन. काटा वाजवायचा, ऐकू येईल त्यातून अर्धा वजा करायचा, तिथून सुरुवातीचा सूर काढायचा. न्हाणीघरात दिवा बंद करून शंभरदा केलं तर अंधारातही जमेल.

सीत्स्के


ग्रोनिंगन, ४ एप्रिल

हाइट,

हॉटेलमधून लिहिते आहे. बाकीचे सकाळच्या गाडीने गेले. हे पत्र सोमवारनंतरच मिळेल, सुट्या आहेत. तरी लिहिते, कारण दुसरं कुणाला सांगणार?

काल सज्जात चढले तेव्हा सगळं ठीक होतं. न्हाणीघरात एकदाही चुकले नव्हते. काटा बाहीत. खाली चर्च खच्चून भरलेलं, ओल्या कोटांचा वास वरपर्यंत येत होता. रेडिओवाल्याने लाल दिवा लावला. मग बाकीचे दिवे गेले.

मी काटा गुडघ्यावर आपटला, जबड्याला लावला. ऐकू आला. अर्धा वजा केला. आणि त्याच क्षणी मला कळेना, केला की नाही? सूपमध्ये मीठ घातलं की नाही असं होतं ना, तसं. केला असेल तर पुन्हा करायला नको. नसेल तर करायलाच हवा. पुन्हा काटा वाजवला. या वेळी काटा दाताला लागला, नुसती किणकिण. डोक्यात दोन सूर. दोन्ही खरे वाटत होते. एक बरोबर आणि एक संपूर्ण चर्चसमोर, सगळ्या देशासमोर खोटा. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

हाइट, अशी भीती मला कधी वाटली नव्हती. त्या नळकांड्यातही नाही. अंधारात खालचे लोक वर बघत असलेले जाणवत होते. कुणीतरी खोकलं. रेडिओवर ती शांतता कशी ऐकू गेली असेल? मला वाटलं, जिना तीन पावलांवर आहे. उतरून निघून जावं. आपल्या घराण्यात ती पद्धत आहेच.

मग मी म्हणाले, "रूलांड, सूर दे."

मोठ्याने. साध्या बोलायच्या आवाजात. दगडी चर्च आहे, शब्द फिरत फिरत पुढे गेले.

रूलांडने दिला. एकच सूर, हळू. मला वाटलं देऊन काढून घेईल, पण त्याने बोट उचललंच नाही. चारही ओळी तो सूर माझ्याखाली धरून ठेवला. मला तो अर्धा वर ऐकू येत होता, येऊ दिला. मी त्याच्यावरच पाय ठेवून गायले.

त्यानंतर सगळं झालं. कसं झालं मला सांगता येणार नाही. दोन तास मी पुढच्याचा कोट धरून चालावं तशी बाकीच्यांना धरून गात होते.

नंतर दिदेरिक जिना चढून वर आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "शांततेतून उगवायचं होतं, सीत्स्के."

"माझ्यातून काही उगवत नव्हतं, दिदेरिक."

"कधीपासून आहे हे?"

"नाताळपासून."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही मागेन."

तो म्हणाला, "मग बघू." आमच्यात 'बघू' म्हणजे काय ते हाइटना सांगायला नको.

रूलांड बाहेर पावसात ऑर्गन गाडीत चढवत होता. मी एका बाजूने धरला. तो म्हणाला, "त्या दिवशीच बोलली असतीस तर? मी रागारागात सुताराला फोन केला होता. त्याने मला कामाला लावलं, खाच मोजून फोटो पाठवायला." मग तो हसला. मी हसले नाही. मी ऑर्गनला डोकं टेकवून उभी राहिले आणि तो छत्री धरून उभा राहिला.

आता सगळ्यांना ठाऊक आहे. आज सकाळपासून फोन वाजलेला नाही. सणाची सुट्टी आहे, म्हणून वाजला नसेल. काल जमलं म्हणून पुढे जमेल असं नाही. पाऊण होईल, एक होईल, हाइटसारखे दोन होतील. मनातलंसुद्धा जागचं हलेल. मी काय करेन तेव्हा, हाइट? गाण्याशिवाय मला काही येत नाही. मला अंडंसुद्धा नीट उकडता येत नाही.

हाइटनी सांगितलं ते मी केलं, एवढं कळावं. माझ्या मनात नव्हतं. भीतीने केलं.

सीत्स्के


आल्डवर्ट, ईस्टर रविवार

सीत्स्के,

लिहायची सवय नाही. आक्केच्या टेबलावर लिहितो आहे, तिच्याकडे पेन आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्याकडे रेडिओ ऐकायला आलो. तिला वाटलं मी आजारी आहे. मी घरी वाद्य ऐकत नाही हे तिला इतकी वर्षं माहीत आहे. म्हणाली, डाउवे, काय झालं? मी म्हटलं, सीत्स्के गाणार आहे.

सुरुवातीला काहीच आलं नाही. आक्के उठून रेडिओवर थापट्या मारायला लागली. मी म्हटलं, हात लावू नको, रेडिओ ठीक आहे. सीत्स्के घाबरली आहे.

मला ती शांतता ऐकू येत होती. मी तिच्यात बसलेलो आहे. माझ्या त्या शेवटच्या रविवारी मी हात पट्ट्यांवर ठेवून असाच बसलो होतो आणि मंडळी वाट बघत होती. मी शेवटी वाजवलं. चुकीचं वाजवलं. तू काय करशील ते मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटलं तूही चुकीचंच सुरू करशील. आपली माणसं तशीच.

मग तू सूर मागितलास.

बोललेल्या शब्दांना पट्टी नसते. त्यानंतरचं सगळं मला दोन सूर वरच ऐकू आलं, नेहमीसारखं. पण ते तुझं एक वाक्य जसं होतं तसंच आलं. तीस वर्षांत तुझ्या गाण्यातलं मी बरोबर ऐकलं ते तेवढंच.

भीती जात नाही. जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मनातलंही आता हललं आहे, तू विचारलं नाहीस पण तुला कळलं असेल. मेमचं स्तोत्र मला आता सापडत नाही. कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. पत्र मिळालं की ये. तू सुरुवातीचा सूर दे, तुला जो वाटेल तो. पुढचं मी म्हणतो.

शुक्रवारी मी शेवटपर्यंत बसलो. आक्के म्हणते मी सगळा वेळ रेडिओ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिचं टेबल डगमगतं, म्हणून.

हाइट